सिंह कुठे राहतो

शाळेत किस्से साठायला वेळ लागत नाही. दुसऱ्यांचे आपण चहाबरोबर सांगतो, स्वतःचे गिळून टाकतो. डोळखांबकडच्या शाळेत शिकवताना सिंहाने माझी जी शोभा केली, तिचे सगळे किस्से गिळलेलेच.

*

चौथीच्या वर्गात मी फळ्यावर सिंह काढला. भोवती झाडंच झाडं, वर वेली. "सिंह घनदाट जंगलात राहतो," म्हणालो. पोरांनी लिहून घेतलं. संध्याकाळी पुस्तक नीट वाचलं, तर सिंहाला मोकळं गवताळ रान लागतं, विरळ झुडपं लागतात. उद्या दुरुस्त करू म्हटलं. तो उद्या काही आला नाही.

*

तपासणीला आलेल्या साहेबांनी नेमकं तेच विचारलं. अख्खा वर्ग ओरडला, "घनदाट जंगलात!" साहेब म्हणाले, "शाब्बास." मी साहेबांसाठी चहा सांगितला.

ते गेल्यावर आमच्या शिंदे बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही साहेबांनाही शिकवलंत."

*

मग पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी एक व्हिडिओ फॉरवर्ड केला. रस्त्यावर चार सिंह, खाली लिहिलेलं 'माळशेज घाट, सावधान'. दोन दिवस पाड्यातल्या बायका मोहाची फुलं वेचायला रानात गेल्या नाहीत. ऐन हंगामात.

वनरक्षकाचा फोन आला. "गुरुजी, तो गुजरातचा व्हिडिओ हाय. आपल्याकडं बिबट्या. सिंह नाय. तुमीच असं पाठवलं तर लोकांनी कुणाला इचारायचं?"

मी मेसेज डिलीट केला. लगेच ग्रुपवर, ज्यांनी बघितला नव्हता त्यांची विचारणा सुरू. "गुरुजी, काय होतं?"

*

त्याच आठवड्यात पालकसभा होती. सिंहाचा विषय निघालाच. पाड्यातली हिराबाई उठली. दिवाळीनंतर ती सौराष्ट्रात भुईमूग काढायला गेली होती. म्हणाली, "मी बघितलाय सिंह. वावरात बसला व्हता."

मी नुकताच शहाणा झालेला. सगळ्यांसमोर म्हणालो, "हिराबाई, सिंह गीरच्या रानात असतो. वावरात कुत्रा बसतो."

सभा हसली. ती खाली बसली.

हे वनरक्षकाला सांगितलं, तर तो हसला नाही. "गुरुजी, गीरच्या आजूबाजूला सिंह शेतांतूनच फिरतात."

दुसऱ्या दिवशी हिराबाईच्या घरी गेलो. ती अंगणात मोह वाळत घालत होती. म्हटलं, "तुमचं खरं होतं. चुकलं माझं."

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "मी बघितला व्हता ना." हात न थांबवता पुढे म्हणाली, "माझ्या पोरीला सांगा. तुमच्याच वर्गात हाय. घरी येऊन इचारत व्हती, आये, तू गुरुजींसमोर खोटं का बोललीस?"