व्हिलनवर पास होणारे टीव्ही

टीव्ही दुरुस्त झाला की मिस्तरी डावा पंजा काचेवर आडवा धरायचे आणि उडणाऱ्या हिरोला झाकून टाकायचे. म्हणायचे, "हिरोला काय बघायचं? लाल आन् निळा. कोणत्याबी डब्यावर चांगलाच दिसतो. व्हिलन बघा."

जालन्यात मस्तगडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. तेव्हा टीव्ही म्हणजे मागे कुबड असलेले जड डबे. रविवारी सकाळी सुपरहिरोचं कार्टून लागायचं. असलं काहीतरी तुम्हीही पाहिलं असेलच. त्यातला व्हिलन हडकुळा, हिरव्या तोंडाचा, अंगात जांभळा झगा. मिस्तरींच्या मते जांभळा सगळ्यात अवघड रंग, तो बराबर आला की बाकीचे आपोआप येतात. म्हणून त्यांच्याकडचा प्रत्येक टीव्ही आधी त्या व्हिलनवर पास व्हायचा, मगच गिऱ्हाइकाच्या हाती पडायचा.

आष्टीचे एक गृहस्थ एकदा गुरुवारीच एसटीने टीव्ही न्यायला आले. टीव्ही समोर चालू होता.

"मिस्तरी, चालू हाये की. द्या."

"चालू हाये, पास न्हाई झाला. रविवारी या."

"आता परत येऊ का मी आष्टीहून?"

"मंग काय व्हिलनला गुरुवारी बोलावू?"

गृहस्थ तणतणत गेले. रविवारी मात्र आले, आणि आम्हा पोरांसोबत दुकानाच्या पायरीवर बसून शेवटपर्यंत कार्टून बघून गेले.

मिस्तरींना त्या व्हिलनबद्दल मनापासून आदर होता. "दर रविवारी हारतो, पण पुढल्या रविवारी नवी मशीन बनवून हजर," ते मला सांगायचे. "हिरो काय करतो? तोडतो. बनवणं अवघड हाये, पोरी." एक मिस्तरी दुसऱ्या मिस्तरीची बाजू घेणार, यात नवल ते काय? तेव्हापासून मीही व्हिलनच्याच पार्टीत आहे.

मी बारावीत असताना आमचा टीव्ही त्यांच्याकडून दुरुस्त होऊन आला आणि बातम्या देणारी बाई निळी दिसायला लागली, थंडीने काकडल्यासारखी. मग समोरच्यांकडेही तेच, शेजारीही तेच. लोक शहाणे. तोंडावर कोणी बोललं नाही, पण पुढचा टीव्ही गुपचूप दुसऱ्या दुकानी न्यायला लागले. मिस्तरींचं दुकान रिकामं पडत चाललं आणि त्यांना कारण कळेना.

"तू काही बोलू नको," वडील म्हणाले. "त्या माणसाजवळ नजरेशिवाय दुसरं हाये काय?"

मला ते पटलं नाही. नजरच जात असेल तर सांगायला नको?

रविवारी मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. "काका, झगा कोणत्या रंगाचा दिसून राह्यला?"

"जांभळा. बिलकुल जांभळा."

"मला निळा दिसतोय. आमच्या घरीबी सगळं निळंच दिसतंय."

त्यांनी कार्टून अर्ध्यातच बंद केलं. असं आजवर कधी झालं नव्हतं. "तुझे डोळे तपासून घे," एवढंच म्हणाले आणि मला घरी जायला सांगितलं. दोन महिने माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवसांत मी खूप रडले, हे लपवत नाही.

मग एके दिवशी ते काळा चष्मा लावून आमच्या दारात उभे. दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढून आले होते. "जल्दी जायला पाहिजे होतं," म्हणाले. "मला निळा कमी दिसायचा, मंग मी वाढवत गेलो. किती घरं खराब केली गं मी."

मोजून चौदा घरं निघाली. दुसरा कोणी असता तर एका दिवसात सगळीकडे स्क्रू फिरवून मोकळा झाला असता. पण व्हिलन यायचा रविवारी, तोही अर्धा तास. मिस्तरींनी एका रविवारी एकच घर घेतलं. आष्टीच्या त्या गृहस्थांकडे आदल्या दिवशी मुक्कामी गेले, तर ऐन कार्टूनच्या वेळी लाईट गेली. पुढच्या रविवारी परत गेले. लोक हसले. पण हसतहसतच बंद पडलेले टीव्ही पुन्हा त्यांच्या दुकानात आणून ठेवायला लागले.

मिस्तरी जाऊन आता तीन वर्षं झाली. दुकानात मोबाईलची कव्हरं मिळतात. टीव्ही आता आपले आपणच रंग ठरवतात, आणि चांगले ठरवतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मिस्तरी म्हटलं की मला आमच्या घरातला तो रविवार दिसतो.

आमचं घर त्यांनी सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. वडिलांनी पुढे केलेली खुर्ची त्यांनी घेतली नाही. टीव्ही भिंतीपासून ओढला, मागे उकिडवे बसले आणि स्क्रूड्रायव्हर आत घातला. तिथून त्यांना पडदा दिसत नव्हता. आरसा आणून धरू का, असं मी विचारलं.

"नको," ते म्हणाले. "तू सांग."

मी सांगितलं, अजून थोडा निळा आहे. त्यांनी मुकाट्याने स्क्रू फिरवला. अजून थोडा. पुन्हा फिरवला. मग मी म्हणाले, "पास."

ते उठले, स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला आणि पडद्याकडे न बघताच निघून गेले.