जेवताना येणारं गालगुंड

"कुठाय सूज?" मी विचारलं.

"आत्ता होती हो डॉक्टर! घरनं निघालो तेव्हा हा एवढा गाल होता," आत्यांनी ओंजळ करून दाखवली.

स्टुलावर त्यांचा भाचा अनंत बसला होता. हायस्कुलात गणित शिकवायचा. आईबाप लहानपणीच गेलेले, आत्यांनीच वाढवलेला. सूज कसली, गाल चांगले बसलेले होते. आठवड्यातली ही तिसरी खेप. दर वेळी गाल घरी फुगायचा आणि माझ्या दवाखान्यात पोचेस्तोवर उतरायचा. माझं डोकं फिरायची वेळ आली होती.

त्यात चूक माझीच. पहिल्या खेपेला सूज न बघता, नुसत्या वर्णनावर मी शाळेसाठी चिठ्ठी लिहून दिली होती. 'गालगुंड. आठ दिवस रजा.' पोरांना लागू नये हा हेतू. पण शाळेतला क्लार्क हातखंब्याचा, आणि अनंतची होणारी बायकोही हातखंब्याचीच. रविवारी साखरपुडा. बातमी तिकडे पोचायला किती वेळ लागणार?

"पण डॉक्टर, ह्याला तिसरीत असताना झालं होतं की गालगुंड! दोन्ही गालांना गेरू फासून पंधरा दिवस कोंडून घातला होता मी. परत होतं का मेलं ते?"

प्रश्न बिनतोड होता. तो मीच पहिल्या दिवशी विचारायला हवा होता.

गालगुंड म्हणजे लाळग्रंथींची सूज. तोंडाला पाणी सुटतं ना, ते जिथून येतं त्या ह्या ग्रंथी. विषाणूमुळे त्या सुजतात, बहुतेक करून कानाच्या पुढे. एकदा होऊन गेलं की शरीर त्या विषाणूला ओळखून ठेवतं. दुसऱ्यांदा होतच नाही असं नाही, पण फार क्वचित. मोठं माणूस 'परत झालं' म्हणत आलं की बहुधा भानगड दुसरीच असते.

"सूज नक्की कुठे येते रे?"

अनंतने जबड्याखाली बोट ठेवलं. कानापुढे नाही.

"आणि कधी?"

उत्तर आत्यांनी दिलं. "पानावर बसला की! घास घेतला की फुगतोच. कालच्या सोलकढीला तर विचारूच नका."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. मी टॉर्च शोधायला लागलो, एवढ्यात दार ढकलून एक धोतरवाले गृहस्थ आत आले. अनंतचे होणारे सासरे, नानासाहेब. हातखंब्याला त्यांची भाताची गिरणी होती.

"डॉक्टर, आडपडदा नको. पुरुषमाणसाला गालगुंड झालं की ते खाली उतरतं म्हणतात. मला नातवंडं दिसणार का नाय? नाय तर रविवारचं रद्द. आजच भटजींना कळवतो."

अनंत स्टुलावरून उठलाच. मुलगी त्याला मनापासून आवडली होती. आत्यांनी पदर डोळ्यांना लावला. माझ्या एका चिठ्ठीने पोराचं लग्न मोडणार होतं.

"मोठेपणी गालगुंड झालं तर कधीकधी वृषणांना सूज येते, हे खरं," मी म्हटलं. "पण हे गालगुंडच नाही."

"दाखवा मग," नानासाहेब खुर्ची ओढून बसले.

माझ्या कंपाउंडरने दवाखान्यामागच्या रायवळ आंब्याची कैरी पाडून आणली. मीठ लावून अनंतला खायला दिली आणि आम्ही सगळे त्याच्या जबड्याकडे टक लावून बसलो. दोन मिनिटं झाली. नानासाहेबांच्याच तोंडाला पाणी सुटलं.

"एक फोड इकडे पण द्या," ते म्हणाले.

तेवढ्यात अनंतच्या जबड्याखाली लिंबाएवढं टेंगूळ उभं राहिलं.

"आलं गो बाई, आलं!" आत्या टाळ्या पिटायला लागल्या.

मी जिभेखाली टॉर्च मारला. लाळेची नळी उघडते तिथेच पिवळट ठिपका अडकलेला. जेवताना लाळ सुटायची, वाट बंद, म्हणून मागे तुंबायची. तासा-दोन तासांनी हळूहळू झिरपून जायची. आणि ही मंडळी माझ्याकडे पोचायची ती त्यानंतर. मी हातमोजा चढवला, बोटाने मागून पुढे दाबत आणलं. अनंत कळवळला आणि ट्रेमध्ये टण्णकन काहीतरी पडलं.

"काय ते?" नानासाहेबांनी विचारलं.

"खडा," मी म्हटलं. ही माझी दुसरी चूक.

आत्या गर्रकन वळल्या. "खडा! गेल्या आठवड्यात तुमच्याच गिरणीच्या तांदळाचं पोतं आलं ना घरी?"

"ओ बाई, तोंड सांभाळा! आमच्या तांदळात खडा? जमणार नाय हे लग्न!"

"अहो, तांदळातला नाही!" मी ओरडलो. "मुतखडा होतो ना, तसा हा लाळेतले क्षार साठून झालेला. त्याच्या अंगातलाच."

"लाळेचा दगड? काहीतरीच तुमचं," आत्या म्हणाल्या.

"तसं लिहून द्या," नानासाहेब म्हणाले.

मी लेटरहेड ओढलं आणि लिहिलं, 'सदर खडा रुग्णाच्या शरीरातच तयार झालेला असून त्याचा कोणत्याही तांदळाशी संबंध नाही.' खाली सही, शिक्का. नानासाहेबांनी दोनदा वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि आत्यांना हात जोडले. नातवंडांचं विचारायचं ते साफ विसरले.

रविवारी साखरपुडा झाला, वैशाखात लग्न. माझं सर्टिफिकेट नानासाहेबांनी फ्रेम करून गिरणीत लावलं. ते वाचून गिऱ्हाइकं तांदूळ जास्तच निरखून बघायला लागली, असं ऐकलं.

त्यानंतर मी सूज बघितल्याशिवाय चिठ्ठी लिहिली नाही. मोठ्या माणसाला गालगुंड परत होतं का, असं कुणी विचारलं की मी सांगतो, सहसा नाही. पण दाखवायला या. आणि येताना जेवणाचा डबा घेऊन या.