कापसाच्या खोलीतला इंटरव्ह्यू

माझ्या देराणीचा आवाज चांगला आहे, हे आमच्या घरात सगळ्यात आधी मला कळलं आणि सगळ्यात जास्त टोचलंही मलाच. देराणी म्हणजे माझ्या धाकट्या दिराची बायको. ती नंदुरबारची, कॉलेज शिकलेली. मी शहाद्याची, बारावीचा निकाल हातात पडायच्या आत या घरात आलेली. घर तापीकाठच्या प्रकाशा गावाच्या अलीकडे एका खेड्यात, कापूस आणि केळीचं. या घरात बसून तिने मोबाइलवर सिनेमाचा पॉडकास्ट सुरू केला. नव्या सिनेमांच्या बातम्या, कोणता बघावा कोणता बघू नये, आणि जमलंच तर एखाद्या कलाकाराशी गप्पा. लोक ऐकायला लागले. आता हे सगळं मी हसत सांगतेय असं कुणाला वाटत असेल, तर तसं काही नाही. मला अजून जळतं.

कारण सिनेमा माझा होता. माझे वडील शहाद्याच्या टॉकीजमध्ये दारावर उभे राहून तिकिटं फाडायचे. इंटरव्हलनंतर रिकाम्या खुर्चीवर मला बसवून द्यायचे, म्हणून लहानपणी मी शेकडो सिनेमे बघितले, पण सगळे अर्धवट. पहिला अर्धा भाग मी मनाने लावायची. हिरो इतका चिडलाय, म्हणजे बापाला कुणीतरी मारलं असणार. हिरोईन गप्प आहे, म्हणजे पत्र चुकीच्या हातात पडलं असणार. वडिलांना विचारलं तर ते म्हणायचे, "बरोबर ओळखलंस," आणि मला फार भारी वाटायचं.

लग्नानंतर ही विद्या कापूस वेचणीत कामाला आली. वेचणीला बायका ओळी धरून चालतात, एकेकीला एकेक ओळ. शेत आमचंच असलं तरी मीही मजूर बायकांबरोबर ओळ धरायची आणि सिनेमा सांगायची. सांगणारी नेहमी मधल्या ओळीत. तिचे हात बोलण्याच्या नादात मागे पडतात, मग आजूबाजूच्या दोघी आपली ओळ सांभाळून तिच्याही ओळीतली बोंडं वेचत जातात, म्हणजे ती मागे राहू नये आणि गोष्ट तुटू नये. आमच्याकडची ही रीतच आहे. आणि एक गोष्ट पक्की, सिनेमाचा शेवट सांगितल्याशिवाय उठायचं नाही. त्या बायका काही टॉकीजला जाणार नसतात. एकदा डोकं दुखतं म्हणून मी शेवटाच्या आधीच घराकडे निघाले, तर एका म्हाताऱ्या बाईने माझा पदरच धरला. "तो मरना का जगना ते सांग, मंग घर जा!" मी उभ्या उभ्या हिरोला जगवला आणि सुटले.

देराणी लग्न होऊन आली त्या वर्षी तिने वेचणीत मला ऐकलं आणि म्हणाली, "ताई, हे रेकॉर्ड करायला पाहिजे." मला काय, आनंदच झाला. आमच्या घरात कुणी पहिल्यांदा म्हणत होतं की माझं काहीतरी जपून ठेवण्यासारखं आहे.

पण रेकॉर्ड कुठे करणार? स्वयंपाकघरात भांडी वाजतात, पुढच्या खोलीत सासऱ्यांचा टीव्ही, ओट्यावर येणारे-जाणारे. शेवटी तिलाच सुचलं. आमच्याकडे दिवाळीनंतर एक खोली छतापर्यंत कापसाने भरलेली असते. भाव बरा येईपर्यंत कापूस तसाच पडून राहतो. तिथे दार लावून बसलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही आणि आपला आवाज असा मऊ येतो की आपल्यालाच खरं वाटू नये. देराणी म्हणाली, कापूस आवाज खातो, शहरातले लोक यासाठी भिंतींना काय काय चिकटवतात. आम्ही ढिगात खड्डा करून बसायचो, मधे पालथं घमेलं, त्यावर मोबाइल. फक्त खाज फार सुटायची. साठवलेल्या कापसात बसलं की अंगावर पुरळ उठतंच. म्हणून आधी दोघी हातांना खोबरेल चोपडायचो आणि मग सिनेमावर बोलायचो.

सुरुवातीचे भाग आम्ही दोघींनी केले. ती बातम्या सांगायची, मी सिनेमा सांगायची. मग ऐकणाऱ्यांचं लिहून येऊ लागलं. एकाने लिहिलं, मोठ्या बाई शेवट फोडतात. दुसऱ्याने लिहिलं, त्यांना आवरा. देराणीने मला समजावलं, "ताई, शेवट सांगायचा नसतो. लोक पैसे देऊन बघायला जाणार असतात."

"मग अर्धवट सांगू? उपाशी उठवू लोकांना?"

"लोकांना तसंच आवडतं."

आवडत असेल बाई! मी प्रयत्न केला, पण शेवट जवळ आला की माझी जीभ थांबायचीच नाही. मग ती माझं बोलणं नंतर कापू लागली. आणि एके दिवशी अगदी गोड आवाजात म्हणाली, "ताई, तुम्ही जुने सिनेमे घ्या ना. त्यांचा शेवट सांगितला तरी कुणाची तक्रार नाही." म्हणजे नवीन सगळं तिच्याकडे आणि माझ्याकडे भंगार. मी "बरं" म्हटलं. पोटात असं दुखलं की त्या दिवशी माझ्या भाकरीसुद्धा कडक झाल्या.

एकदा आम्ही शहाद्याला साड्या घ्यायला गेलो. दुकानातल्या माणसाने घडी उलगडता उलगडता देराणीचं बोलणं ऐकलं आणि हात थांबवून म्हणाला, "तुम्ही त्या सिनेमावाल्या ताई ना? आवाजावरून ओळखलं!" ती लाजली. दुकानातल्या दोन-चार बायका वळून बघायला लागल्या. मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "ही हिरवी काढा बरं, ती वरची!" म्हटलं, माझाही आवाज ओळखेल. त्याने माझ्याकडे स्टूल सरकवलं आणि म्हणाला, "मोठ्या बाई, तुम्ही बसा." मी बसले. काय करणार? ती हिरवी साडी मी घेतली आणि आजतागायत नेसलेली नाही.

आणि मग इंटरव्ह्यूचं ठरलं. सिनेमात आई, मोठी बहीण, जाऊ अशी कामं करणारी एक नटी आहे. चेहरा सगळ्यांना ठाऊक, नाव पटकन आठवत नाही, तशातली. तिचं आजोळ तळोद्याकडचं. देराणीने तिला मेसेज पाठवला, तीन-चारदा पाठवला, आणि बाईने चक्क हो म्हटलं. नव्या सिनेमात तिने एसटी कंडक्टरचं काम केलं होतं, पहिल्यांदाच मुख्य काम. मंगळवारी दुपारी बारा वाजता फोनवर बोलणार, फक्त पंधरा मिनिटं. आमच्या पॉडकास्टवर एवढं मोठं माणूस आधी कधी आलं नव्हतं. देराणीने आदल्याच भागात जाहीर करून टाकलं.

त्या आठवड्यात घरात दुसरा विषय नव्हता. सिनेमाचं नाव काढलं की नाक मुरडणाऱ्या आमच्या सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "धाकली मुंबईनी नटीसंगे बोलाव शे." दीर तिच्यासाठी नवा माइक घेऊन आले. ती वहीत प्रश्न लिहायची, खोडायची, मला वाचून दाखवायची. प्रश्न चांगले होते, तेच तर दुखत होतं. एखादा वाईट असता तर मला बोलायला जागा मिळाली असती. तुम्ही पण बसा, असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. मी आतून नुसती धुमसत होते.

सोमवारी मी सासऱ्यांना चहा दिला आणि म्हटलं, "दादा, कापूस व्यापाऱ्याला मोजून टाकायचा का आता? पिवळा पडायला लागलाय. उंदीर पण झालेत. आणि धाकलीचे हात बघा, पुरळाने भरलेत. दिवसभर त्या खोलीत बसते, सांगत नाही कुणाला." यातला एक शब्द खोटा नव्हता. कापूस खरंच पिवळा पडत होता, उंदीर खरंच होते, तिचे हात खरंच लाल झाले होते. सासरे मायेचे. त्यांनी लगेच व्यापाऱ्याला फोन लावला. व्यापारी म्हणाला, उद्या सकाळी गाडी पाठवतो. हे मला ऐकू येत होतं आणि मी कप विसळत होते.

मंगळवारी देराणीने न्हाऊन नवी साडी नेसली. नुसता आवाज जाणार होता, तरीही. ती मागच्या अंगणात केस वाळवत, वहीतले प्रश्न पाठ करत बसली होती. पुढे गाडी आली, वजनकाटा लागला, माणसं कापूस भरू लागली. तिला वाटलं, शेजारच्यांचा कापूस मोजताहेत. बाराला थोडा वेळ असताना ती माइक आणि वही घेऊन आली आणि तिने खोलीचं दार उघडलं.

आत काहीच नव्हतं. फरशी, कोपऱ्यात थोडी कापसाची पुंजकी, आणि वर छप्पर. "अरे बापरे," ती म्हणाली, आणि ते "बापरे" चारी भिंतींवर आपटून परत आलं.

तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "थांब, गोधड्या आणते." आणि मी खरंच धावले. घरातल्या सगळ्या गोधड्या, चादरी, सासऱ्यांची शालसुद्धा आणली. आम्ही दोघींनी खिळ्यांना अडकवल्या, खिडकीत कोंबल्या. मला तेव्हा कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, मोठी जाऊ, जेठाणी असावी तर अशी.

फोन आला. देराणीने नमस्कार केला, पहिला प्रश्न विचारला. पलीकडून नटी म्हणाली, "विहिरीतून बोलताय का तुम्ही? काही कळत नाहीये." देराणीने पुन्हा विचारलं, मोठ्याने. तेवढ्यात अंगणात काट्यावरचा माणूस वजन ओरडला, तेही आत घुमलं. मग एका गोधडीचा खिळा निघाला आणि ती माझ्या डोक्यावर पडली. पलीकडे नटीने कुणालातरी काहीतरी म्हटलं आणि एक मुलगा बोलायला आला. आवाज चालणार नाही, म्हणाला, आपण नंतर कधीतरी बघू. त्या बाईचा सिनेमा आला आणि गेला, ते 'नंतर कधीतरी' मात्र आलं नाही.

देराणी रडली नाही. ती माइकची वायर गुंडाळत राहिली. गुंडाळून झाली की सोडायची आणि पुन्हा गुंडाळायची.

जेवायला बसल्यावर सासऱ्यांनी भोळेपणाने सगळं सांगून टाकलं. "मोठीच म्हणाली काल, मोजून टाका म्हणून. धाकलीच्या हाताची तिलाच काळजी." देराणी वाढत होती. तिने त्यांच्या ताटात भाजी वाढली, मग माझ्या ताटात वाढली, नेहमीएवढीच.

दुपारी मी त्या खोलीत गोधड्या उतरवत होते. ती आली. फरशीवरची कापसाची पुंजकी एकेक करून उचलू लागली. घरात ती माझ्याशी नेहमी शाळेतल्यासारखं मराठी बोलायची, त्या दिवशी अहिराणीत बोलली. "तुले तिन्हासंगे बोलनं व्हतं तं मले का बरं सांगं नही? मी तुन्हाच हातमा फोन दी देती."

म्हणजे मी नुसतं म्हटलं असतं, तर तिने इंटरव्ह्यू मला करू दिला असता. आणि ती खोटं बोलत नव्हती, तिच्या तोंडावर दिसत होतं. मला त्याचाही राग आला. असं देऊन टाकण्याएवढं हिच्याकडे येतं कुठून?

मी म्हटलं, "मले नही बोलनं व्हतं."

"मंग तुले काय पाहिजे व्हतं?"

मी गोधडी झटकत राहिले. ती पुंजकी ओंजळीत घेऊन बाहेर गेली.

आता ती महिन्यातून दोनदा नंदुरबारला भावाकडे जाऊन रेकॉर्ड करते. तिथे बरीच माणसं तिच्याशी बोलायला येतात. प्रत्येक भाग मी पहिल्या दिवशी ऐकते, कानात वायर घालून, पोळ्या लाटताना. कुठे अडखळली का, कुठे प्रश्न चुकला का, ते शोधते. तिच्या प्रश्नाला मात्र मी अजून उत्तर दिलेलं नाही. उत्तर मला तेव्हाही माहीत होतं. मला तो इंटरव्ह्यू नको होता. तो तिला मिळू नये, एवढंच मला हवं होतं.