खलनायकाची बोली

अकोल्यावर संकट येतं आणि सुपरहिरो शहर वाचवतो, अशा एका सिनेमासाठी अकोल्यातच, जठारपेठेत कलाकार निवडत होते. आठ दिवस आरशासमोर पुस्तकी मराठी घोटून मी हिरोचे संवाद म्हणायला गेलो. पुण्याहून आलेल्या दिग्दर्शकानं मला मध्येच थांबवलं. "घरी बोलता तसं बोला." मी बोललो, तसा तो टाळी वाजवून ओरडला, "हाच आपला खलनायक! हिरो शुद्धच बोलणार."

माझं डोकं सणकलं. ज्या बोलीत मी रोज पोरांना गणित शिकवतो, ती ह्याला गुंडाची वाटली! आणि तीच लपवायला मी आठ दिवस झटलो होतो. हातातले कागद त्याच्यापुढं आपटले अन् विचारलं, "अख्खं अकोला असंच बोलते, साहेब. मंग तुमचा हिरो वाचवून राहिला कोनाले?"