सेल्मा रौतिओचं दुसरं पहिलं वर्ष

सेल्मा रौतिओ व्यायामशाळेच्या कोपऱ्यात गुडघे टेकून बसते आणि भिंतीकडे बास्केटबॉल फेकते, ही बातमी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत विद्यापीठातल्या लष्करी प्रशिक्षणाच्या सगळ्या बटालियनला कळली होती. का फेकते, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी म्हणालं, शिक्षा झाली असेल. कुणी म्हणालं, या फिनिश वंशाच्या लोकांचा काही नवसबिवस असेल. बटालियनमध्ये प्रत्येक कॅडेटला एक जोडीदार असतो, आणि सेल्माची जोडीदार होती डेट्रॉईटची ओडेसा प्रूइट. तिनं तर छातीठोकपणे सांगून टाकलं की पोरगी प्रेमात पडलीय आणि पोरगा बास्केटबॉलच्या संघातला आहे.

सेल्मानं हे ऐकलं आणि खोडून काढलं नाही. खरं कारण सांगण्यापेक्षा प्रेमात पडलेलं बरं, असं तिला वाटलं.

खरं कारण असं, की गेल्या वर्षी शाळा संपताना तिनं वेस्ट पॉइंटला, म्हणजे फौजेच्या अकादमीला, अर्ज केला होता आणि तिथून नकार आला होता. नकार सभ्य होता, दोन परिच्छेदांचा. त्याच महिन्यात फौजेनं दुसऱ्या दारानं तिला आत घेतलं. अधिकारी-प्रशिक्षणाची शिष्यवृत्ती मिळाली. चार वर्षं विद्यापीठाची फी फौज भरणार, शेवटी सेल्मा लेफ्टनंट होणार. आठवड्यातून तीन दिवस पहाटे व्यायाम, गुरुवारी दिवसभर गणवेश, बाकीच्या वेळी चारचौघांसारखं भूगर्भशास्त्र शिकायचं. गावच्या चर्चच्या तळघरात केक कापला गेला. तिचे वडील आर्विड काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याच्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलणारा ट्रक चालवायचे, आणि दिवसाला वीस शब्द पुरवून पुरवून वापरायचे. त्यांनी त्या दिवशी केकचे दोन तुकडे खाल्ले. त्यावरून घरात सगळ्यांना कळलं की त्यांना अत्यानंद झालाय.

आणि तरीही ऑगस्टमध्ये, विद्यापीठाच्या खोलीत सामान लावून व्हायच्या आत, सेल्मानं अकादमीचा अर्ज पुन्हा उघडला होता. लपूनछपून, दार लावून, चोरून मिठाई खावी तसा.

वेळही तेवढाच होता. शिष्यवृत्तीच्या कॅडेटला पहिलं वर्ष संपेपर्यंत हात झटकून निघता येतं. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या दिवशी करार पक्का होतो, मग इकडचं तिकडे नाही. म्हणजे हीच एक संधी. आणि ती साधली तर इथलं अख्खं वर्ष पुसून तिथं पुन्हा पहिल्या वर्षाला बसायचं. अकादमीच्या शारीरिक चाचणीत सहा प्रकार असतात. पाच तिला जमायचे. सहावा होता गुडघ्यांवर बसून एका हातानं डोक्यावरून बास्केटबॉल फेकणं. गेल्या वर्षी तिचा चेंडू चौतीस फुटांवर पडला होता. चौतीस फुटांवर तर तिची आजीसुद्धा पास्टी, म्हणजे मांस भरलेली करंजी, फेकून मारेल, असं तिचा भाऊ म्हणाला होता.

तिचं गुपित पकडलं सार्जंट टगलनी. बटालियनला शिकवणारे सार्जंट टगल उबदार जॉर्जियाचे. बर्फ हा आपल्याविरुद्ध रचलेला कट आहे अशा चेहऱ्यानं सप्टेंबरपासूनच एकावर एक दोन टोप्या घालून हिंडायचे. एका मंगळवारी ते सेल्माच्या मागे येऊन उभे राहिले आणि चार फेकी होईपर्यंत काही बोललेच नाहीत. मग खिशातून मोजपट्टी काढली.

"एकोणचाळीस," ते म्हणाले. "रौतिओ, या जगात गुडघ्यांवर बसून बास्केटबॉल दोनच प्रकारची माणसं फेकतात. एक म्हणजे ज्यांचे पाय मोडलेत ती. तुझे पाय तर धड दिसतात."

सेल्मा उठायला लागली.

"बस खाली. कोपर आत घे. कमरेतून फेक, तू खांद्यातून फेकतेयस." त्यांनी पुन्हा मोजलं. "त्रेचाळीस. आता ऐक. कर्नलबाईंना तू सांगितलंयस?"

"नाही, सार्जंट."

"दुपारी बाराच्या आत सांग. बारा वाजून एक मिनिटानं मी सांगणार. आणि मी वाईट सांगतो, माझा आवाजच तसा आहे."

लेफ्टनंट कर्नल ऑटिंजर म्हणजे बटालियनच्या प्रमुख. त्या स्वतः याच वाटेनं आलेल्या. वेस्ट पॉइंटचं तोंडही न पाहता बावीस वर्षं फौजेत काढलेल्या. त्यांच्याकडे जाऊन, मला तुमची वाट सोडायची आहे आणि त्यासाठी तुमचीच शिफारस हवी आहे, असं म्हणायचं होतं. सेल्मानं जिन्यात उभं राहून ते वाक्य सात प्रकारे म्हणून पाहिलं. आत गेल्यावर आठव्याच प्रकारे बाहेर पडलं, आणि तेही उलटं. आधी शिफारस मागितली, मग कशासाठी ते सांगितलं.

ऑटिंजरबाईंनी पेन खाली ठेवलं. किती दिवसांपासून हे चाललंय, असं विचारलं. ऑगस्टपासून, असं उत्तर आल्यावर त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मग अगदी शांतपणे बोलल्या.

"तुला जायचंय याचं मला काही वाटत नाही. दर वर्षी एखादं माणूस जातं. पण दोन महिने तू माझ्यासमोर उभी राहून सलाम ठोकत होतीस आणि मनात हे होतं. उद्या तुझ्या हाताखाली तीस माणसं असतील. त्यांना अवघड गोष्ट सांगायला तू अशीच दोन महिने लावणार?"

सेल्माचे कान लाल झाले. घरातल्या सगळ्या रौतिओंचे असेच होतात.

बाईंनी अर्ज ठेवून घेतला. शिफारस लिहीन, म्हणाल्या, पण त्यात हेही लिहीन. आणि खरंच लिहिलं. मुलीचे गुण सांगणाऱ्या अकरा ओळी, आणि बारावी ओळ: कठीण बातमी वेळेवर देणं तिला अजून शिकायचं आहे. ती बारावी ओळ वाचून सेल्मा त्याच संध्याकाळी ओडेसाकडे गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

ओडेसा पलंगावर आडवी पडून ऐकत होती. "म्हणजे पोरगा नाहीच?" असं तिनं आधी विचारलं. मग उठून बसली. "लोक एकदा पहिलं वर्ष काढतात आणि देवाचे आभार मानतात. तू दोनदा काढणार. आणि मला जोडीदार म्हणून त्या कोवाल्स्कीच्या गळ्यात बांधून जाणार. रांगेत उभा राहून घोरतो तो, माहितेय ना?" ती दोन दिवस रुसली. तिसऱ्या दिवशी स्वतःच मोजपट्टी घेऊन व्यायामशाळेत हजर.

चाचणीत चेंडू एकावन्न फुटांवर पडला. सार्जंट टगलनी आनंदानं एक टोपी काढली.

आता उरली मुलाखत. अकादमीत जायचं तर आपल्या भागाच्या खासदाराचं नामांकन लागतं, आणि खासदाराच्या वतीनं तीन माणसांची समिती मुलांना भेटते. पत्र आलं. मुलाखत पंधरा नोव्हेंबरला, सकाळी अकरा वाजता, दोन तासांवरच्या गावातल्या माजी सैनिकांच्या सभागृहात.

पत्र वाचून आर्विडनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पंधरा नोव्हेंबर हा हरणांच्या शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस. त्या दिवशी त्या भागात शाळा बंद असतात, लग्नं ठरत नाहीत, दात दुखला तरी दुखू देतात, कारण दातांचे डॉक्टरही रानात असतात. ही तारीख ठरवणारा माणूस दक्षिणेकडच्या एखाद्या शहरातला असणार, यावर घरात एकमत झालं. आर्विडनी चौदाव्या वर्षापासून एकही पहिला दिवस चुकवलेला नव्हता. सेल्माकडे गाडी नव्हती.

"वाटेत थोरल्या काकाची खोपटी आहे," आर्विड म्हणाले. "उजाडताना दोन तास बसेन. नऊला निघू. अकराच्या आधीच तू तिथं."

बेत चोख होता. सेल्मा झाडपाल्याच्या रंगाचा इस्त्रीचा गणवेश घालून ट्रकमध्ये बसून राहणार होती, मांडीवर उत्तरांचे कागद. पण पावणेनऊला रानातून गोळीचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं आर्विड झाडांतून हात हलवताना दिसले. आठ टोकांच्या शिंगांचा नर, भला दांडगा, आणि पडला होता ओढ्यापलीकडे. एकट्यानं ओढायचं तर दुपार झाली असती. टाकून जायचं, हे तर कुणी मनातही आणलं नाही.

सेल्मा खाली उतरली तशी आर्विड ओरडले. त्या दिवशी, त्या रंगाच्या कपड्यांत रानात शिरणं म्हणजे कपाळावर निशाणा काढून घेणं. त्यांनी सीटमागची भडक नारिंगी बंडी काढून तिच्या अंगात चढवली. मग बापलेकीनं ते धूड ओढ्यातून, झुडपांतून, चढावरून ओढत आणलं आणि ट्रकमध्ये चढवलं. घड्याळात साडेनऊ झाले होते. उरलेल्या वाटेवर आर्विडनी ट्रक असा पळवला, जसा काउंटीचा कधीच पळवला नव्हता.

अकराला दोन मिनिटं कमी असताना सेल्मा सभागृहात शिरली. समोर टेबलामागे तिघं. मध्ये आरमारातून निवृत्त झालेले हार्लन बोडेट, त्यांच्या उजवीकडे एका शाळेच्या मुख्याध्यापिका, डावीकडे खासदारांच्या कचेरीतला कडक कॉलरचा तरुण. सेल्मा ताठ उभी राहिली, नाव सांगितलं, आणि मग तिला तिघांची नजर दिसली. तिनं खाली पाहिलं. गणवेशावर नारिंगी बंडी. उजव्या बाहीला रक्त. गुडघ्यापर्यंत चिखल. बंडीच्या खिशातून थर्मासचं झाकण डोकावत होतं.

कॉलरवाल्या तरुणानं घसा साफ केला. गणवेशाचे काही नियम असतात ना, असं त्यानं विचारलं.

असतात, सेल्मा म्हणाली, आणि मी ते मोडलेत. वडिलांना मदत करताना बंडी घातली आणि काढायची विसरले. सबब नाही.

"किती टोकांचा?" बोडेट म्हणाले.

"आठ, सर."

"कुठं आहे?"

"बाहेर ट्रकमध्ये, सर."

बोडेटनी एक खोल सुस्कारा सोडला. सकाळी सातपासून ते या खुर्चीत अडकले होते, निवृत्तीनंतर पहिल्यांदाच शिकारीचा पहिला दिवस चुकवून. "बस, पोरी," ते म्हणाले.

मुख्याध्यापिकांनी मात्र बंडीकडे दुर्लक्ष केलं आणि थेट वर्मावर बोट ठेवलं. त्यांच्यापुढे ऑटिंजरबाईंची शिफारस होती. त्या म्हणाल्या, शिष्यवृत्ती तुझ्या हातात आहे. हे वर्ष संपलं की तीन वर्षांत तू अधिकारी होणारच. तिथं गेलीस तर चार लागतील, आणि शेवटी पदही तेच, पगारही तोच. मग हा खटाटोप कशाला?

सेल्माकडे तीन पाठ केलेली उत्तरं होती. नेतृत्व, परंपरा, देशसेवा. तिघांनीही सकाळपासून तीच ऐकली असणार, हे तिला त्यांच्या चेहऱ्यांवर दिसलं. शिवाय खिशात कोंबलेले कागद ओढ्यात भिजले होते.

"आम्ही दर गुरुवारी गणवेश घालतो, मॅडम," ती म्हणाली. "त्या दिवशी मी सकाळी उठते ती वेगळीच उठते. चालते वेगळी, जेवते वेगळी. शुक्रवारी पुन्हा साधी मुलगी होते, आणि मला शुक्रवार आवडत नाही. मला सगळे वार गुरुवारच हवेत. तिथं ते मिळतील, एवढंच कारण आहे. फार थोर नाही."

कॉलरवाल्यानं काहीतरी लिहून घेतलं. मुख्याध्यापिकांनी बाराव्या ओळीवर बोट ठेवलं आणि, हे खरं का, असं विचारलं. खरं, सेल्मा म्हणाली, पण त्याच दिवसापासून सुधारतेय. आजच बंडीचं लगेच सांगितलं.

"लगेच नाही," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "आम्ही विचारल्यावर." आणि पहिल्यांदाच हसल्या.

बाहेर येऊन बघते तर ट्रकभोवती गर्दी. आर्विड मध्यभागी उभे, आणि तिच्या मागोमाग बोडेटही मुलाखतींच्या मधल्या सुट्टीत कोटाशिवाय धावत आले, शिंगांची टोकं मोजायला.

नामांकन डिसेंबरात मिळालं. त्यापुढे वाट पाहणं. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, बर्फ खिडक्यांपर्यंत चढला, सार्जंट टगल तिसरी टोपी घालू लागले. मार्चच्या शेवटी एका दुपारी सेल्माला होकार आला. ती आधी ओडेसाकडे गेली नाही, घरीही फोन केला नाही. दोन-दोन पायऱ्या चढत ती ऑटिंजरबाईंच्या दारात पोचली आणि धापा टाकत म्हणाली, "मॅडम, पंधरा मिनिटांपूर्वी कळलं. मी जातेय."

बाईंनी घड्याळ पाहिलं. "पंधरा?"

"दहा मिनिटं मी रडले, मॅडम."

"चालवून घेते," बाई म्हणाल्या आणि उभं राहून त्यांनी हात पुढे केला.

जुलैच्या आरंभी, कोवळ्या उन्हात, आर्विड आणि सेल्मा हडसन नदीकाठच्या अकादमीच्या दगडी इमारतींपुढे इतर शेकडो आईबापांसोबत उभे होते. एका तरुण कॅडेटनं जाहीर केलं की निरोप घ्यायला साठ सेकंद आहेत. सगळीकडे मिठ्या सुरू झाल्या. आर्विडनी हात खिशात घातले आणि एकदम बोलायला लागले. मोटेलची कॉफी पांचट होती. इकडच्या लोकांना बर्फातलं काही कळत नाही. काल इथल्या रस्तेखात्याचा एक ट्रक पाहिला, त्याचं पातं तिरकं बसवलंय, हिवाळ्यात पंचाईत होणार. आईनं मोजे दिलेत ते घाल, भाव खाऊ नकोस. आणि घाटात धुकं लागलं तर आधी काय करायचं, तर...

"वेळ संपली," कॅडेट म्हणाला.

सेल्मानं बापाच्या गालावर ओठ टेकले, वळली, आणि दारातून आत गेली. वळून पाहिलं नाही, तसा नियमच होता.

आर्विडचं वाक्य अर्धवट राहिलं होतं. ते शेजारच्या, रुमालानं डोळे टिपणाऱ्या बाईंकडे वळले.

"...वेग कमी करायचा," ते म्हणाले, "आणि कडेची पांढरी रेघ धरून चालायचं."

"हो," त्या बाई म्हणाल्या, "बरोबर आहे." आणि दोघंही कितीतरी वेळ त्या बंद दाराकडे बघत उभी राहिली.