फोटोला घातलेला हार

नव्वदच्या दशकात नवघरला माझा शिवणकामाचा गाळा होता. सहा मशीन, सात बायका, लहान मुलींचे फ्रॉक. दिवाळीचा माल दसऱ्यानंतर दहा दिवसांत व्यापाऱ्याकडे पोचवायचा असे. त्या वर्षी कामात कुणाचं मनच नव्हतं. रोज दुपारी कुणी ना कुणी अर्धा तास गायब. ओरडून माझाच घसा बसला. नवऱ्याच्या ऑफिसात महिन्याच्या उत्तम कर्मचाऱ्याचा फोटो लावायचे. म्हटलं, आपणही लावून बघू.

गोल कॉलर नीट बसवणारी आमच्यात एकच होती, खारीगावची. ती नसली की माल अडायचा. तिचा पासपोर्ट साइजचा फोटो मोठा करून काचेच्या फ्रेममध्ये घातला आणि दारासमोरच्या भिंतीवर टांगला. ती लाजली, बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, जमलं.

दसऱ्याला मशीनची पूजा झाली. प्रत्येक मशीनला झेंडूचा हार घातला, तरी एक उरला. काजं करणारी आमची बाई थट्टेखोर. तिने तो फोटोला घातला आणि म्हणाली, "काय गं, तेराव्याचं जेवण कधी?" सगळ्या हसल्या. जिचा फोटो ती हसली, मीही हसले. नेमकी तेव्हाच तिची सासू आपट्याची पानं घेऊन दारात आली. तिने फोटो पाहिला, पानं उंबऱ्यावर ठेवली आणि परत गेली.

दुसऱ्या दिवशी सून कामावर नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बिनकॉलरच्या फ्रॉकचा ढीग माझ्या खुर्चीपर्यंत आला. चौथ्या दिवशी फ्रेम पिशवीत घातली आणि खारीगावला तिच्या घरी गेले.

सासू ओटीवर सुकट निवडत होती.

"बाय, माझी सून जित्ती हाय."

"माहीत आहे, मावशी. म्हणून तर न्यायला आलेय."

"मंग भिंतीवर कशाला टांगलीस?"

"काम चांगलं करते. मान दिला."

"असा मान जित्त्या मानसाला देत न्हाय कोन."

मी फ्रेम पुढे केली. तिने मागून खिळे वाकवून फोटो काढून घेतला आणि रिकामी फ्रेम मला परत दिली. सून दारातच उभी होती.

"ताई, मना फोटोचं काय न्हाय. तुमी पान्याचं बघा."

"कसलं पाणी?"

"नळाला दुपारीच येतं. सासूला हंडा उचलत न्हाय. मी पलत जाते, तुमी वरडता. सगल्यांचं तेच हाय."

आमच्या बिल्डिंगला टाकी होती. नळाची वेळ मला कधी सांभाळावी लागली नव्हती, आणि तीन वर्षांत मी एकीलाही विचारलं नव्हतं. ओटीवर उभ्या उभ्याच ठरवून सांगितलं: पाण्याच्या वेळेला खुशाल जायचं, तेवढं काम संध्याकाळी भरून द्यायचं. सासूने सुनेकडे पाहिलं. म्हणाली, "जा मंग."

माल दोन दिवस उशिरा गेला. व्यापाऱ्याने सुनावलं, मी ऐकून घेतलं.

रिकाम्या फ्रेममध्ये मी सातही घरांच्या नळाच्या वेळा लिहून लावल्या. त्या वेळा सारख्या बदलायच्या. दर आठ-पंधरा दिवसांनी फ्रेम उतरवायची, खिळे वाकवायचे, नवा कागद घालायचा. कंटाळा यायचा. पण कॉलर बसत होत्या.