काशीरामांचा देसकार

पोलादपूरच्या स्टँडवर ज्यानं काशीराम साळवींचा आवाज ऐकला नाही, त्याची गाडी चुकली असं खुशाल समजावं. वाहतूक नियंत्रक म्हणून काशीरामांची सारी हयात त्या स्टँडवरच गेली. कर्णा बिघडला तरी अडत नसे. ते खिडकीतून नुसते ओरडले की पार चहाच्या टपरीवरची माणसं पिशव्या उचलायची. लोक म्हणत, “काय आवाज हाय साळव्यांचा!” लोकांना त्यातून गाडी कळायची, एवढंच. काशीरामांनी ते गाण्यावर घेतलं आणि निवृत्त होताच महाडला निशिगंधा मॅडमच्या गायनवर्गात नाव घातलं.

मॅडम त्यांच्या मुलीच्या वयाच्या. त्यांना ‘काका’ म्हणत. वर्गात बाकी सगळी शाळकरी पोरं. पहिला राग भूप. त्याची लक्षणं काशीरामांनी वेळापत्रकासारखी तोंडपाठ केली. सूर पाचच. मध्यम आणि निषाद वर्ज्य, म्हणजे या दोन थांब्यांवर गाडी थांबणार नाही. वादी स्वर गंधार, म्हणजे मुख्य मुक्काम तिथं. गायची वेळ रात्रीचा पहिला प्रहर. कधीही विचारा, घडाघडा सांगत. पंचाईत व्हायची ती गायला लागल्यावर. गंधारावर विसावायचं सोडून आवाज वर धैवतावर जाऊन बसायचा. जन्मभर गाड्या पुकारून गळ्याला तीच जागा सवयीची झालेली.

“काका, खाली या,” मॅडम म्हणायच्या. “हेच पाच सूर घेऊन धैवतावर मुक्काम केलात तर भूप राहत नाही, देसकार होतो. तो सकाळचा राग. आणि तुम्हाला तो यायला अजून बरीच वर्षं आहेत.”

“आलोच मॅडम,” म्हणायचे आणि काशीराम पुन्हा धैवतावर.

घरी संध्याकाळी पडवीत रियाज चाले. कमळाबाई भाकऱ्या थापता थापता ऐकत. एकदा त्यांनी आतूनच विचारलं, “अवो, ह्या गान्यात कोनाची गाडी सुटते हाय का? नाय, येवढी बोंब कशापायी?”

परीक्षा सकाळची होती. बाहेरगावचे परीक्षक आधीच वैतागलेले. एकामागून एक पोर येऊन तोच भूप म्हणून जात होतं. काशीराम इस्त्रीचा सदरा घालून समोर बसले आणि भीतीनं रागाचं नाव सांगायचंच विसरले. थेट आलाप सुरू केला. भ्यालेला आवाज जो धैवतावर चढला, तो उतरेचना. दारात उभ्या निशिगंधा मॅडमनी डोळे मिटून घेतले.

परीक्षकांनी मात्र डोळे उघडले. “वा! देसकार! सकाळपासून सगळे रात्रीचा राग आळवतायत. वेळ पाळणारे तुम्ही एकटे निघालात. लक्षणं सांगता याची?”

खरं सांगावं म्हणून काशीरामांनी तोंड उघडलं, पण बाहेर पडलं ते भलतंच. “सूर भूपाचेच, मुक्काम धैवतावर, वेळ सकाळची.” वर्षभराची बोलणी अशी कामाला आली.

“कुणाकडे शिकता?”

काशीरामांनी दाराकडे बोट केलं. मॅडम छताकडे बघत होत्या.

निकाल पहिल्या श्रेणीत लागला. पुतण्या धम्मपालनं स्टँडसमोर फ्लेक्स लावला: ‘देसकार रागाचे गाढे अभ्यासक’. खाली काशीरामांचा नोकरीतला फोटो, शिट्टीसकट. येणारे-जाणारे नमस्कार करू लागले. मग महाडच्या संगीत मंडळानं ठरवलं, वर्गाच्या वार्षिक कार्यक्रमात सकाळी साळवीकाकांचा देसकार ठेवायचा. नाही म्हणायची सोय राहिली नव्हती.

आता मॅडम उलटं सांगू लागल्या. “काका, वर जा. धैवतावर थांबा.” आणि काशीरामांचा गळा खाली यायला लागला. इतके महिने ज्या गंधारासाठी बोलणी खाल्ली, तो आत्ता कुठं सापडला होता, आणि काही केल्या त्यांना सोडेना.

कार्यक्रमाला पाचाड, तुडीलपासून माणसं आली. काशीराम बसले, धैवताचं स्मरण केलं आणि सूर लावला. तो सरळ उतरला आणि गंधारावर जाऊन असा टेकला, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. पुन्हा वर जायला हवं, हे त्यांना कळत होतं. पण उठवत नव्हतं. भर सकाळी, उन्हाची तिरीप अंगावर घेऊन, काशीरामांनी रात्रीचा भूप गायला, अगदी लक्षणांबरहुकूम.

टाळ्या पडल्या. मंडळाचे अध्यक्ष माइकवरून म्हणाले, “असा अस्सल देसकार आपल्या तालुक्यात पुन्हा ऐकायला मिळणे नाही!” हे मात्र खरंच होतं.

मागच्या खोलीत मॅडमनी त्यांना वाकून नमस्कार केला. “काका, भूप काय सुरेख झाला हो!”

काशीरामांचे डोळे भरून आले. “मग लोकांना सांगू या ना, मॅडम.”

“असू दे. शालही आणलीय त्यांनी.”

काशीरामांनी शाल घेतली. पुढची परीक्षा काही दिली नाही. संध्याकाळी पडवीत बसतात, भूप गातात. शेजारचे हौसेनं विचारतात, “काका, आज देसकार का?” काशीराम मान डोलावतात. कमळाबाई तव्यावरची भाकरी उलटतात आणि म्हणतात, “आता बरा येतो हा.”